जुन्या बुलेटला बॅटरी कोणती? आधी रेग्युलेटर मोजा, लिथियमच्या नादी लागू नका

परळकर
माझं मत थेट मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. १२ व्होल्टची, पॉइंटवाली (ठिणगीची वेळ यांत्रिक स्विचने ठरते ती), किकने सुरू होणारी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट असेल तर बॅटरी हा दुसरा खर्च आहे. पहिला रेग्युलेटर. आपल्याकडे उलटं चालतं. हॉर्न घोगरा झाला, इंडिकेटर मरगळले की लोक नवी बॅटरी टाकून मोकळे होतात. काही महिन्यांत तीही बसते आणि शिव्या बॅटरीच्या कंपनीला.

अल्टरनेटर एसी बनवतो. आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, त्याचं डीसी करतं आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आत अडवून धरतं. हे अडवणं बिघडलं की १५-१६ व्होल्ट बॅटरीत घुसतात, पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात. याउलट युनिट १३ च्या वर चढतच नसेल तर बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. दोन्ही वेळा दुकानदार एकच सांगतो, बॅटरी गेली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून साधा मल्टिमीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ दिसायला हवेत. मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून, थोडी रेस धरून बघा. १३.८ ते १४.५ मिळत असेल तर युनिटला हात लावू नका आणि चांगली पाण्याची (लेड ॲसिड) बॅटरी टाका. लिथियम या गाडीला झेपत नाही.

वरळीकर
पहिल्या अर्ध्याशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही. पाण्याच्या बॅटरीची ओव्हरफ्लो नळी एकदा निसटली की ॲसिड फ्रेमवर आणि क्रोमवर ओघळतं. रंग उडतो, गंज सुरू. आधीच आमच्याकडे खारी हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ॲसिड नाही, वजन कितीतरी कमी, महिनाभर गाडी उभी राहिली तरी चार्ज फारसा उतरत नाही. तिची एक खरी कमजोरी म्हणजे थंडी, आणि ती मुंबईत कुठून आणणार? जोडीला मॉस्फेटवाला (त्या जातीच्या ट्रान्झिस्टरवर चालणारा) रेग्युलेटर बसवा, विषय संपला.

वायरमन_घाटकोपर
विषय तिथे सुरू होतो. मॉस्फेट रेग्युलेटर कमी तापतो, कबूल. पण तोही शंट प्रकारचाच असेल तर जास्तीचा करंट स्टेटरमध्येच (अल्टरनेटरच्या स्थिर कॉइलमध्ये) शॉर्ट करून फिरवतो. युनिट गार राहतं, स्टेटर मात्र तेवढाच भाजतो. स्टेटरला आराम हवा असेल तर सिरीज प्रकारचा रेग्युलेटर लागतो, जो नको तेव्हा सर्किट उघडतो.

आणि कोणताही घ्या, आधी स्वतःचा स्टेटर ओळखा. नावाजलेले बरेच मॉस्फेट युनिट मोठ्या गाड्यांच्या थ्री-फेज स्टेटरसाठी बनलेत. जुन्या गाडीत बहुधा सिंगल फेज, कित्येकदा कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ (अर्थिंग) केलेलं. फुल वेव्ह (एसीच्या दोन्ही अर्ध्या लहरी वापरणारा) रेग्युलेटर लावायचा तर ते टोक डिसोल्डर करून वेगळी वायर बाहेर काढावी लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला 'प्लग बसतो ना, मग चालतं' म्हणून जे गळ्यात मारतात त्यावर जाऊ नका.

लिथियमला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. चार सेल, फुल चार्ज १४.४ ते १४.६. जुना रेग्युलेटर रेस धरल्यावर १५ ला शिवला की आतलं बीएमएस (सेलचं रक्षण करणारं सर्किट) बॅटरीचं कनेक्शन तोडतं. चालू गाडीत बॅटरी तुटली की व्होल्टेज उसळतं आणि बल्ब फुटतात. चार्ज फार उतरला तरी बीएमएस तोडतं, आणि पॉइंटच्या गाडीचं इग्निशन बॅटरीवर असतं. लेड ॲसिड आधी दिवे मंद करून इशारा देते. ही सायनच्या फ्लायओव्हरवर एकदम बंद.

वरळीकर
दादा, तुम्ही रेग्युलेटरचं पाप लिथियमच्या माथी मारताय. १५ ला जाणारं युनिट कुठल्याही बॅटरीला मारणारच. आणि टर्मिनल ढिलं झालं तर लेड ॲसिडवाल्याचेही बल्ब फुटतात. म्हणून तर म्हणतोय, दोन्ही एकत्र बदला.

पवईची_बुलेटवाली
दोघंही चार्जिंगवर भांडताय, रोजच्या रस्त्याचं कुणीच बोलत नाही. मी ऑफिसला जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) जाते. संध्याकाळी सिग्नलला अँमीटरचा (करंट बॅटरीत येतो की जातो ते दाखवणारा) काटा बघा. हेडलाइट लावून आयडलिंगला तो वजाकडे झुकलेला असतो, ब्रेक दाबला की आणखी एक झटका खाली. ६० वॅटचा बल्ब म्हणजे ५ अँपिअर, इग्निशन कॉइल पॉइंट मिटलेले असताना ३-४, ब्रेकचा २१ वॅटचा दिवा जवळजवळ २. आयडलिंगला जुना अल्टरनेटर एवढं देत नाही. उरलेलं बॅटरीतून जातं.

म्हणजे या गाडीला साठा हवा. लिथियमचं बळ आहे स्टार्टर फिरवायला एकदम मोठा करंट देण्यात, आणि आपली गाडी किकची! शिवाय लेबल नीट वाचा. त्यावर बऱ्याचदा लेड ॲसिडच्या बरोबरीचा म्हणून आकडा छापतात, खरे अँपिअर-अवर (साठ्याचं माप) साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाचे. १२ लिहिलेल्या बॅटरीत खरे ४ असतील आणि ट्रॅफिकमध्ये ४-५ अँपिअर कमी पडत असतील, तर तासाभरात खेळ खलास.

बॅटरी बॉक्समध्ये मावेल ती सर्वांत मोठी लेड ॲसिड घ्या, ब्रेक-टेलला एलईडी लावा. हेडलाइटचा एलईडी घेताना मात्र तुमचा हेडलाइट एसीवर आहे की बॅटरीवर ते आधी तपासा. एसीवर साधा डीसीचा एलईडी लावलात तर तो फडफडेल किंवा जळेल.

वरळीकर
अँपिअर-अवरचा मुद्दा बिनतोड आहे. मग खरे ८ अँपिअर-अवर असलेली लिथियम घेईन. महाग पडेल, पण ॲसिड नको म्हणजे नको.

वायरमन_घाटकोपर
ॲसिडचीच अडचण असेल तर एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या मॅटमध्ये शोषलेली लेड ॲसिड) घ्या की. सीलबंद असते, नळी नाही, साध्या चार्जिंगवर चालते.

परळकर
एजीएमला एक अट आहे. तिच्यात पाणी परत भरता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात रेग्युलेटर अचूक हवा. लेड ॲसिडला २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.०२ व्होल्ट कमी लागतात. मे महिन्यात इंजिनशेजारच्या बॉक्समध्ये ४० अंश धरले तर ०.३ व्होल्ट कमी. थंडीत १४.५ चालेल, तेव्हा १४.२ पुरे. साधं युनिट हे समजून घेत नाही. पाण्याच्या बॅटरीत निदान डिस्टिल्ड वॉटर ओतून भरपाई होते.

आणखी एक. पावसाच्या भीतीने युनिट टूलबॉक्समध्ये कोंबू नका. ते आतून रेझिनने भरलेलं असतं, पाण्याने काही होत नाही. त्याला वारा हवा. भिजून बिघडतो तो कनेक्टर, पिना हिरव्या पडतात. नवं काही घेण्याआधी इंजिन चालू ठेवून मीटरचं एक टोक युनिटच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब आहे. बोल्ट काढा, रंग आणि गंज घासा, व्हॅसलिन लावून परत आवळा.

पवईची_बुलेटवाली
हे खूप उपयोगी. वरळीकर, जुनी लेड बॅटरी तरी दुकानातच द्या, बदल्यात पैसे वळते करतात. लिथियम मेली तर कोण घेणार?

वरळीकर
२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्यात, परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची. दुकानदार नाही म्हणाला तर कंपनीकडे मागेन. तोवर रविवारी अर्थचं रीडिंग घेतो. ०.२ च्या वर आलं तर बॅटरीची खरेदीच पुढे ढकलेन.