'घाटी' म्हणजे नक्की कोण?

परवा हिंजवडीत आमच्या कॅन्टीनला मिसळीत तिसऱ्यांदा तर्री ओतून घेत होतो तर टीममधली मुंबईची गुजराती मुलगी (मराठी झकास बोलते) म्हणाली, "ए घाटी, पुरे की आता." सगळे हसले, मीपण हसलो. पण शेजारी लखनौचा एकजण बसलेला, त्याने अगदी निरागसपणे विचारलं की घाटी म्हणजे व्हॅली ना, कश्मीर घाटी वगैरे, तू कुठल्या व्हॅलीतला? आणि मला धड सांगताच येईना.

माझी समजूत अशी की हिंदीत घाटी म्हणजे दरी, आपल्याकडे घाट म्हणजे डोंगर चढायची वाट, बोरघाट, वरंधा, आंबा घाट. वर देश, खाली कोकण, आणि वरून खाली उतरून येतो तो घाटी. यात शिवी कुठाय, नुसता पत्ता आहे. १८६३ ला बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, मुंबईला जाणं सोपं झालं, साताऱ्या-पुण्याकडची माणसं हमालीला, घरगडी म्हणून तिकडे गेली आणि मग पत्त्याचाच अर्थ अडाणी, गावंढळ असा झाला असावा. आता तर तिकडे कुठलाही मराठी माणूस घाटी, मालवणचा असला तरी! तुमच्याकडे कोण कोणाला म्हणतं?

—

मी सावंतवाडीचा. आमच्याकडे घाटी म्हणजे कोल्हापूर-बेळगावकडचा, आणि गोव्यात कर्नाटकातनं आलेला मजूरसुद्धा घाटीच. मुंबईत मला पहिल्यांदा कोणी घाटी म्हटलं तेव्हा जाम राग आला होता. खरं सांगू का, राग शब्दाचा नव्हता, मला घाटी समजला याचा होता. हे कळायला बरीच वर्षं गेली.

—

संभाजीनगरला घाटी म्हणजे सरकारी दवाखाना हो. "मी घाटीत जन्मलो" असं पुण्यात रूमवर बोलून गेलो तर पोरं आठवडाभर हसत होती.
बाकी आम्हा मराठवाड्यावाल्यांसाठी तुमच्याकडे वेगळा माल आहे. भाडं चार दिवस लेट झालं तर घरमालक आजोबा म्हणाले, "मोगलाई लागून गेली काय?" आता निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणायचे आणि माझं गाव १९४८ पर्यंत त्यातच, म्हणजे आजोबा, होय, लागून गेली होती! त्यांना यातलं काही ठाऊक नसणार म्हणून गप बसलो.

—

पुणे ५६० मीटर उंचीवर आहे. पेठेतले धरून सगळे घाटी. इथं राहून दुसऱ्याला घाटी म्हणणाऱ्यांनी कुठला घाट चढलाय ते एकदा सांगावं.

—

मूळ प्रश्नवाला परत. हे सगळं मी त्या लखनौवाल्याला सांगितलं, मजा घेत ऐकलं त्याने आणि मग म्हणाला, "और भैया?" त्यांच्याकडे मोठ्या भावाला, रिक्षावाल्याला, कोणालाही आदराने भैया म्हणतात, इथं आल्यावर "ते भय्ये लोक" ऐकून आधी त्याला वाटलं आपलं कौतुकच चाललंय. सहा महिन्यांनी टोन कळला. मी काय बोलणार. मद्रास राज्याचं तमिळनाडू होऊन १९६९ पासून इतकी वर्षं झाली तरी आमच्या सोसायटीत केरळवालेपण मद्रासीच आहेत. आणि चिंकी तर शब्दचर्चेत घ्यायलाही नको वाटतो, २०१२ च्या ऑगस्टमधे अफवा उठल्या तेव्हा ईशान्येकडची पोरं पुण्यातून गाड्या भरून गुवाहाटीकडे निघाली, आदल्या दिवसापर्यंत त्यांनी हाच शब्द ऐकलेला असणार.

असो. आज त्या गुजराती मुलीच्या डब्यात लालभडक सुकी चटणी होती. काय आहे विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "घाटी मसाला." दोन चमचे मागून घेतला.