सवती होत्या म्हणून एलिस शिप डॉक्टर झाली म्हणे!

शेवंती: परवा इथे तर्कट यांनी एलिस शिपवर लिहिलं. अमेरिकेतल्या युटातली मॉर्मन (तेव्हा बहुपत्नीत्व पाळणारा ख्रिस्ती पंथ) बाई, मुलं सवतींकडे ठेवून फिलाडेल्फियाला गेली, डॉक्टर झाली, "तेव्हा बहुपत्नीत्वाला नावं ठेवण्याआधी विचार करा". केला विचार, डोकंच तापलं. पाच वर्षांची असताना, 1852 साली, ही पोर आईबापाबरोबर वॅगनच्या तांड्यातून मैदानं तुडवत युटाला आलेली. 1866 ला मिलफर्ड शिपशी लग्न, मग साहेबांनी आणखी तीन बायका केल्या. ही पहाटे चारला उठून पुस्तकं घेऊन बसायची कारण एकदा घर जागं झालं की संपलं. आणि श्रेय कुणाला, तर चार संसार मांडणाऱ्याला?

तर्कट: श्रेय नवऱ्याला नाही हो, सवतींना दिलंय, नीट वाचा की. 1875 ला ती गेली तेव्हा मुलगे घरी कुणी सांभाळले? दुसऱ्या वर्षी ती परत निघाली तर पोटात बाळ, नवरा आधी हो म्हणून मग फिरला, तरी गेली. लेक तिकडेच जन्मली. शिवणकाम करून पैसे जोडले आणि 1878 ला डिग्री घेतली. एकट्या राजाराणीच्या संसारात जमलं असतं?

धाकटी_पाती: माझी पोरं दोन वर्षं माझ्या जावेने सांभाळली, मी बीएड केलं. त्यासाठी नवरा वाटून घ्यावा लागला नाही 😀

न्यूजर्सीकर: इथे डेकेअरची फी भरून बघा, मग सवतच काय सासूपण गोड वाटेल.

शेवंती: विषय डेकेअर नाहीये!!

बाळंतविडा: एलिसच्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजात पुढे आपल्या आनंदीबाई जोशी, 1886 च्या. त्यांच्यामागे गोपाळराव होते, सवत नव्हती.

धाकटी_पाती: गोपाळराव? अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून मारणारे? वा, काय तो पाठिंबा.

बाळंतविडा: त्या काळात बायको शिकावी म्हणून दुसरा कोण जळत होता? बोटीवर एकटी पाठवली त्यांनी. तुमच्या आजोबांनी पाठवलं असतं का आजीला?

धाकटी_पाती: माझ्या आजोबांवर जाऊ नका. आजी चौथीनंतर शाळेत गेली नाही, जन्मभर पेपर चोरून वाचायची. आणि नवऱ्याच्या हट्टापायी शिकलेली बाई विशीतच, 1887 ला गेली. एलिस 1939 पर्यंत जगली, 10 मुलं झाली, स्वतःची सुईणशाळा काढली, शेकडो बायका शिकवल्या.

बाळंतविडा: क्षयाने गेल्या हो आनंदीबाई, हट्टाने नाही. काहीही!!

तर्कट: त्या सुईणशाळेचं कुणी बोलत नाही, गोपाळरावांवरच पन्नास प्रतिसाद पडणार आता. ब्रिगहॅम यंगसारखा पक्का बहुपत्नीवाला मॉर्मन चर्चचा प्रमुख बायकांना डॉक्टरकी शिका म्हणत होता. युटात 1870 पासून बायकांना मत होतं, ते 1887 ला काढून घेतलं कुणी? बहुपत्नीत्व मोडायला निघालेल्या अमेरिकन काँग्रेसने. आता बोला.

शेवंती: बरं, ते मत काढून घेणं चूकच, दिलं तुम्हाला एवढं, फ्रेम करून लावा. पण ब्रिगहॅम यंगला डॉक्टरणी हव्या होत्या कारण ढिगाने बाळंतपणं होती आणि पुरुष डॉक्टर बाळंतिणीपाशी नको होते. एलिसची जिद्द तिची, सवतींची मदत त्यांच्या चांगुलपणाची. चार बायका करणाऱ्याच्या वाट्याला यातलं काय येतं ते सांगा.

तर्कट: रेल्वेचं तिकीट त्याने काढलं असेल!

शेवंती: तिकिटासाठी नमस्कार.

न्यूजर्सीकर: इथे तिकिटंपण महागलीत.