गणपतीचे दहा दिवस, ताशाचा आवाज आणि ऑटिझम: कानांसाठी नक्की काय वापरावं?

निवांत_कोपरा

नमस्कार मंडळी. वय २८, ऑटिझमचं निदान मोठेपणी झालेलं. घर पुण्यात, टिळक रोडच्या विसर्जन मार्गापासून दोन गल्ल्या आत, दुसरा मजला. घरात आई-बाबा आणि आजी. मोठा आवाज माझ्यासाठी नुसता नकोसा नसतो. समोरचा काय बोलतोय ते कळेनासं होतं, तोंडातून शब्द फुटत नाही आणि उरलेला दिवस वाया जातो.

प्रश्न असे:

१. फोमचे इअरप्लग दहा मिनिटांत बाहेर येतात. काय चुकतंय?
२. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावले की पंख्याचा आवाज गायब होतो, ताशा मात्र जसाच्या तसा ऐकू येतो. हेडफोन खराब आहेत का?
३. घरच्या आरतीला थांबायचं आहे. खोली दहा बाय दहा, आणि त्यात झांजा.
४. मिक्सर आणि कुकर तर बाराही महिने.
५. मंडळाशी बोलून काही होतं का?

"सवय होईल" हा सल्ला घरून मुबलक मिळतो, तेवढा सोडून बोला.

कर्णमित्र

प्लग बाहेर येतात कारण ते आत गेलेलेच नसतात. कानाच्या तोंडाशी बुचासारखा बसवला की फोम तिथेच फुगतो आणि स्वतःलाच बाहेर ढकलतो.

हात धुऊन कोरडे करा. प्लग बोटांत धरून फुलवातीऐवजी लांब वात वळतो तसा बारीक वळा. सुरकुती राहू देऊ नका, आवाज तिच्यातूनच आत शिरतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्या, कानाचा वरचा भाग वर आणि थोडा मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते, ती अशी सरळ होते. आता प्लग सरकवा आणि बोटाने ३० सेकंद दाबून धरा. लोक नेमकी ही ३० सेकंदं खातात.

बसला का ते बघायला आरशात समोरून पाहा. टोक कानाबाहेर डोकावत असेल तर काढून पुन्हा. दुसरी खूण अशी की प्लग घातलेले असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबायचे आणि सोडायचे. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही. एवढं करूनही निसटत असेल तर नळी अरुंद असेल, लहान मापाचे प्लग मागवा.

पाकिटावर एनआरआर असा आकडा असतो, आवाज किती कमी होतो त्याचं माप. ३० लिहिलंय म्हणजे घरात ३० डेसिबल कमी होतील असं समजू नका, तो प्रयोगशाळेतला आकडा. अमेरिकेतली नायॉश ही संस्था फोमच्या प्लगसाठी छापील आकड्याच्या निम्मा आणि इअरमफसाठी (हेडफोनसारखा पूर्ण कान झाकणारा, पण आवाज फक्त अडवणारा) पाऊण पट धरायला सांगत आली आहे. म्हणजे ३० चा प्लग १५, आणि २८ चा मफ २१. प्लग उत्तम बसला तर निम्म्यापेक्षा बरंच जास्त मिळतं, म्हणून वरचा एवढा प्रपंच. दोन्ही एकदम घातले तर आकड्यांची बेरीज होत नाही. ज्याचा आकडा मोठा त्यावर साधारण ५ डेसिबल मिळतात. ताशाजवळ तेही खूप झाले.

काढताना हळूहळू पिळत काढा, झटक्याने ओढलात तर पडद्यावर ताण येऊन दुखतं. फोम धुवायचा नसतो. मळला किंवा कडक झाला की टाकायचा. सिलिकॉनचे धुता येतात. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा मळ घट्ट बसला असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. प्लगने मळ आणखी आत जातो.

मंद्रसप्तक

हेडफोन ठणठणीत आहेत. ते तंत्र बाहेरचा आवाज ऐकून त्याची उलटी लहर सोडतं, आणि हे सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजाला जमतं: पंखा, एसी, बसचं इंजिन. ढोबळमानाने १००० हर्ट्झच्या खालचं. ताशाची काडी पडते ती अचानक आणि वरच्या पट्टीत. तिथे फक्त कानावरची गादी जेवढं अडवेल तेवढंच. फटाक्याचंही तेच. म्हणून मिरवणुकीसाठी हेडफोनवर पैसे घालण्यापेक्षा हार्डवेअर किंवा सेफ्टीच्या दुकानात मिळणारा कारखान्यातला इअरमफ घ्या, आत फोमचा प्लग. दिसायला विमानतळावरच्या कामगारासारखं दिसतं, दिसू दे.

डीजेच्या बेसवर मात्र कानाचं कुठलंच साधन पुरत नाही. तो छातीतून, पलंगातून, जमिनीतून येतो. त्यावर अंतर हाच उपाय.

इअरमफमध्ये तीन ठिकाणी गडबड होते. चष्म्याची जाड काडी गादी उचलून धरते आणि फटीतून आवाज येतो, तेव्हा त्या दिवशी बारीक काडीचा चष्मा. केस गादीखाली अडकतात. आणि भाद्रपदातल्या दमट हवेत गादीखाली घाम येतो, त्याचाच त्रास आवाजाइतका होणारे बरेच आहेत. सुती कापडाची पातळ कव्हरं मिळतात, पण त्यांनी थोडी गळती वाढते. पट्ट्याचा दाब सहन होत नसेल तर मफ रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवा, थोडा सैलावतो. जास्त सैल केला तर कामातून गेला.

एक धोका सांगून ठेवतो. मिरवणुकीवर मात करायला हेडफोनमध्ये गाणी मोठ्याने लावू नका. ८५ डेसिबलला ८ तास ही कानाची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० ला फक्त १५ मिनिटं उरतात.

आरतीसाठी फोम नको. फोम वरच्या पट्ट्या जास्त खातो, शब्द चिखलात गेल्यासारखे ऐकू येतात आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठीचे फिल्टर असलेले प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात. शब्द कळतात, झांजेची धार जाते. दहा बाय दहाच्या खोलीत कोपरा बदलून फार फरक पडत नाही, भिंतींवरून आवाज परत येतो. दाराच्या चौकटीत किंवा चौकटीबाहेर उभे राहा, तिथे फरक पडतो. आरत्या किती म्हणायच्या ते आधी ठरवून घ्या. मंत्रपुष्पांजलीला झांजा नसतात, तेव्हा आत या. आणखी एक गोष्ट विचित्र वाटेल: काहींना झांज स्वतःच्या हातात असली की तोच आवाज चालतो, कारण पुढचा ठोका कधी पडणार हे आपल्याला माहीत असतं. प्लग घालून एकदा करून बघा.

निवांत_कोपरा

हे फारच कामाचं. मग दहाही दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत प्लग घालून ठेवले तर? नाहीतरी कधी कुठून काय वाजेल सांगता येत नाही.

कर्णमित्र

तेवढं करू नका. कानात येणारा आवाज सतत कमी राहिला तर मेंदू आतला आवाज वाढवून घेतो, आणि दोनेक आठवड्यांत साधी भांडीसुद्धा टोचायला लागतात. शांत खोलीत प्लग काढायचे, मोठ्या आवाजात घालायचे. "कधी वाजेल" या धास्तीवर उपाय म्हणजे प्लग गळ्यात दोरीने अडकवलेले ठेवायचे. हाताशी आहेत एवढ्यानेच निम्मी धास्ती जाते. रात्री सलग शांतता टोचत असेल तर पंखा किंवा ब्राउन नॉइज (खालच्या पट्टीतला सलग घुमणारा आवाज) हळू आवाजात चालू ठेवा.

फोडणी_हळू

मिक्सरवर बोलते. लोक खाली जाड टॉवेल घालतात, आवाज कमी होतो आणि महिन्याभरात जळका वास येतो. मोटरला गार करणारी हवा खालच्या जाळीतून जाते-येते, टॉवेलने ती कोंडते. रबराची पातळ चटई घाला आणि मिक्सरचे पाय तिच्यावर टेकू द्या, म्हणजे खाली हवेला जागा राहते. भिंतीला मिक्सर चिकटलेला नको, भिंत थरथरते. पायांची रबरं झिजली असतील तर बदला, स्वस्तात मिळतात. सुकं खोबरं, डाळ रात्री भिजवून ठेवली तर मिक्सर कमी वेळ चालतो. आणि घरच्यांकडून एकच गोष्ट मागून घ्या: बटण फिरवायच्या आधी "मिक्सर लावतेय" म्हणायचं आणि पाच आकडे मोजायचे. फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. आजींना हे आईपेक्षा लवकर पटेल, असा माझा अंदाज.

कुकर शिट्ट्यांवर शिजत नाही, आत दाब किती वेळ राहिला त्यावर शिजतो. वजनाखालून वाफेची सूं-सूं सुरू झाली, शिट्टी व्हायला आली, की गॅस अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा. भिजवलेली तूरडाळ १० ते १२ मिनिटं, मग गॅस बंद, दाब आपोआप उतरू द्यायचा. एकही शिट्टी होत नाही. पहिल्या दिवशी डाळ कच्ची राहिली तर गॅस फार लवकर बारीक झाला असं समजा. वजन दाबून किंवा उचलून शिट्टी थांबवायला जाऊ नका, भाजतं.

जाता जाता, पंखा दोनवर ठेवला की घुर्रर्र होतो का? तो रेग्युलेटरचा दोष असतो. डिमरसारखा फिरणारा काढून टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला लावा. जुन्या ट्यूबलाइटचा चोकही गुणगुणतो, एलईडी बसवा.

पेठेतला_कार्यकर्ता

मंडळाशी बोलून होतं, पण मांडव पडायच्या आधी. आरास उभी राहिल्यावर स्पीकरची जागा कोणी हलवत नाही. दोन-तीन आठवडे आधी अध्यक्षांना नाही, तर साउंडचं बघणाऱ्या कार्यकर्त्याला गाठा. "आवाज कमी करा" म्हटलं की हो म्हणतात आणि विसरतात. करता येईल असं मागा: अमुक खिडकीकडे तोंड असलेला स्पीकर रस्त्याच्या दिशेने फिरवा, खाली रबर टाका, कार्यक्रमांच्या वेळा व्हॉट्सअपवर द्या, आणि मोठा आवाज सुरू व्हायच्या १५ मिनिटं आधी एक मेसेज. वेळ कळली तर माणूस तयारी करतो. निदान सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. "घरात आवाजाचा वैद्यकीय त्रास असलेली व्यक्ती आहे" एवढं पुरतं.

कायद्याचं थोडक्यात: ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सणांसाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. तेव्हा तक्रार करण्याआधी त्या दिवशी सूट आहे का ते बघा, नाहीतर पहिलंच पाऊल फसतं. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, पण सरकारने तसं जाहीर केलं असेल तरच. तक्रार ११२ वर. मांडवाचं नाव, चौक आणि वेळ सांगा. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही, मोठ्या आवाजाला फोनचा माइक तसाही गोंधळतो. आपल्याच घरातल्या दोन खोल्यांची तुलना करायला मात्र ते ॲप बरं.

ढोलपथकांबद्दल: २०२४ मध्ये हरित लवादाने पुण्यात पथकामागे ३० जणांची मर्यादा घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्यामुळे "तीसच्या वर आहेत" म्हणून भांडायला जाऊ नका.

तिरकस

तुम्ही नको म्हणालात तरी "सवय होईल" वर लिहितो, कारण घरी उत्तर द्यावं लागणार आहे. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद हा ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे, २०१३ च्या डीएसएम-५ (मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) पासून. हट्ट, नाजूकपणा, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" यांचा संबंध नाही. हळूहळू सराव करून सहनशक्ती वाढते हे खरं, पण आवाजाचं बटण त्या माणसाच्या हातात असेल तर आणि थांबायची मुभा असेल तर. विसर्जनाच्या रस्त्यावर नेऊन उभं करणं हा सराव नव्हे. त्याने पुढच्या वर्षी जुलैत पथकांचा सराव सुरू झाल्याबरोबर पोटात गोळा येईल, एवढंच.

कर्णमित्र यांच्याशी एका ठिकाणी मतभेद. शांत खोलीत प्लग काढा हे बरोबर, पण या दहा दिवसांत पेठेत शांत खोली असते कुठे? आधी ती तयार करावी लागेल. रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली घ्या. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या फटीत ब्रशची पट्टी किंवा रबराची पट्टी, दाराखाली पट्टी. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. जाड पडद्यांवर खर्च करू नका, ते खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा ताशा अडवत नाहीत.

निवांत_कोपरा

आतली खोली आजीची आहे. वाटाघाटी करते. अनंत चतुर्दशीला घरात थांबावं की जावं?

पेठेतला_कार्यकर्ता

जा. मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते, तेवढा वेळ कुठलाच प्लग कानात राहत नाही. आदल्या संध्याकाळीच निघा, सकाळी रस्ते बंद व्हायला लागले की रिक्षा मिळत नाही. परत यायचं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, तेही शेवटची मंडळं मार्गावरून गेली का हे फोन करून विचारल्यावर.