छोट्या लिनॅकच्या कंट्रोल सिस्टीमसाठी सल्ला हवाय: एपिक्स, टँगो की स्काडा?

लिनॅकवाला: आमच्या छोट्या इलेक्ट्रॉन लिनॅकची (इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्राची) कंट्रोल सिस्टीम नव्याने करायची आहे. मॅग्नेटचे पॉवर सप्लाय, व्हॅक्यूम गेज, आरएफ (वेग देणाऱ्या रेडिओलहरींची यंत्रणा), बीम म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताचे मॉनिटर, सगळं वेगवेगळ्या कंपन्यांचं. काहींना इथरनेट आहे, काहींना नुसता सिरियल पोर्ट. टीम तिघांची. काय घ्यावं?

बीमलाइन: तिघंच असाल तर डोळे झाकून एपिक्स. लॉस अलामॉस आणि अरगॉन या प्रयोगशाळांनी मिळून उभं केलेलं मुक्त स्रोत कंट्रोल सॉफ्टवेअर आहे, आणि बहुतेक उपकरणांसाठी कुणीतरी आधीच काम करून ठेवलेलं सापडतं. सिरियलवाल्यांसाठी एपिक्सचं स्ट्रीमडिव्हाइस वापरा. कोणती कमांड पाठवायची आणि उत्तरातून आकडा कसा काढायचा, एवढंच एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं. सी मध्ये ड्रायव्हर लिहीत बसावं लागत नाही. स्केलिंग, अलार्मच्या मर्यादा, किती वेळाने वाचायचं, सगळं त्या-त्या राशीच्या एपिक्समधल्या नोंदीत, म्हणजे रेकॉर्डमध्येच भरायचं. आयओसी, म्हणजे उपकरणांशी बोलणारा एपिक्सचा प्रोग्रॅम, साध्या लिनक्स मशीनवर चालतो.

डिव्हाइस_सर्व्हर: टँगोचा विचार सोडू नका. ग्रेनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनमध्ये जन्मलेली ही सिस्टीम उपकरणाला ऑब्जेक्ट मानते: त्याची ॲट्रिब्यूट्स, कमांड आणि स्टेट एकाच ठिकाणी. मॉड्युलेटरसारख्या (आरएफला उच्च व्होल्टेजचे पल्स देणाऱ्या), टप्प्याटप्प्याने चालू होणाऱ्या यंत्राला हे फार छान बसतं. टीमला पायथॉन येत असेल तर पायटँगोत, म्हणजे टँगोच्या पायथॉन रूपात, काम पटापट होतं. मात्र नेहमीच्या मांडणीत एक मध्यवर्ती डेटाबेस लागतो, तो नीट सांभाळावा लागेल.

स्काडा, म्हणजे कारखान्यांत वापरतात ती देखरेख-नियंत्रण प्रणाली, वाईट नाही. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत क्रायोजेनिक्स (अतिशीत ठेवण्याची यंत्रणा) आणि व्हॅक्यूम पीएलसी (औद्योगिक नियंत्रक) आणि स्काडावरच आहेत. पण ती संथ कामं. बीमच्या प्रत्येक पल्सचा डेटा त्यात घालू नका.

इंटरलॉक_आधी: माझं कळकळीचं सांगणं: यातलं काहीही घ्या, पण बीम बंद करण्याचा निर्णय नेटवर्कवरून जाऊ देऊ नका. सर्नच्या एलएचसी या मोठ्या वर्तुळाकार त्वरकाच्या एका बीममध्ये डिझाइननुसार ३६२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक फेरी सुमारे ८९ मायक्रोसेकंदांत पूर्ण होते. तिथे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघणं शक्यच नाही, म्हणून प्रोटेक्शन स्वतंत्र हार्डवेअरवर आहे. तुमचं मशीन छोटं असलं तरी नियम तोच. माणसांच्या सुरक्षेसाठी वेगळा सेफ्टी पीएलसी ठेवा. एपिक्सने त्याची स्थिती फक्त वाचावी, लिहू नये.

टायमिंगचंही तसंच. ट्रिगर (उपकरणांना नेमक्या क्षणी चालू करणारे संकेत) फायबरवरून वेगळे द्या, आणि प्रत्येक पल्सला क्रमांक द्या. तो बीम पोझिशनच्या रीडिंगला चिकटलेला नसेल तर आरएफ हलल्यामुळे बीम हलला की मॅग्नेटमुळे, हे कधीच शोधता येणार नाही.

लिनॅकवाला: हे आमच्या यादीतच नव्हतं, मनापासून आभार. एपिक्स घेतलं तर सुरुवात कुठून करू?

बीमलाइन: नावांपासून. विभाग, उपकरण, राशी असा क्रम आधी ठरवा आणि तिघांनी तो पाळा. स्क्रीन, आर्काइव्ह, स्क्रिप्ट सगळं त्या नावांवरच उभं राहतं. मग एकच पॉवर सप्लाय घेऊन सेट, रीडबॅक (उपकरणाकडून परत वाचलेला आकडा), अलार्म आणि आर्काइव्ह शेवटपर्यंत चालवून बघा. व्हॅक्यूम गेज त्यानंतर, आरएफ सगळ्यात शेवटी.