फायरप्लेसच्या मागे ती बिडाची पाटी कशाला?

भटकी_सई: इंग्लंडला ससेक्समध्ये ल्युइस गावातल्या अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्ज हाऊस या संग्रहालयात गेले होते, तिथे फायरप्लेसमध्ये मागच्या भिंतीला टेकवायच्या बिडाच्या जाडजूड पाट्या बघितल्या, राजचिन्हं वगैरे कोरल्यासारखी, पण जिथे सगळं काजळीनेच भरणार तिथे इतकं नक्षीकाम कशाला करायचे?

ओतारी: तिला फायरबॅक म्हणतात. मुख्य काम म्हणजे मागच्या विटा जाळापासून वाचवायच्या, शिवाय बीड तापलं की आपल्या बिडाच्या तव्यासारखं लवकर गार होत नाही, त्यामुळे विस्तव मंदावला तरी खोलीत ऊब येत राहते. आणि ते कोरलेलं नाहीये हं, ओलसर वाळूत लाकडी साचा दाबायचा आणि वर उघड्यावरच वितळलेलं बीड ओतायचं. जुन्या पाट्यांची कड नीट बघ, दोरीचा पीळ दिसेल, खरीच दोरी वाळूत दाबलेली असायची! मला तर राजचिन्हापेक्षा तेच जास्त आवडतं, कोणाच्यातरी हाताचं काम समोर दिसतं.

ससेक्समधल्याच ब्रीड गावच्या लोखंडाच्या भट्टीवरच्या रिचर्ड लेनर्ड या ओताऱ्याने तर 1636 च्या पाटीवर स्वतःलाच ओतलंय, हातोडा, भट्टी आणि कुत्र्यासकट.

राईनकाठी: जर्मनीत आयफेल भागात अजून भारी, स्वैपाकघर आणि बैठकीच्या मधल्या भिंतीला भोक पाडून पाटी बसवायचे, म्हणजे चूल इकडे, ऊब तिकडे, आणि बैठकीत धूर अजिबात नाही.

भटकी_सई: दोरीचा पीळ!! फोटो झूम करून बघितला, खरंच आहे, खूप आभार दोघांचे