एआयने लावलेली लेबलं आवडली, पण चुका निसटल्या. टूलची परीक्षा कशी घ्यावी?

मेडिसिनची_रेसिडेंट: आम्ही सहा रेसिडेंट डिस्चार्ज कार्डांवर लेबलं लावतोय: आजार, औषध, आणि आजार 'आहे' की 'नाही'. टूल आधीच लेबल लावून ठेवतं, आपण ते मंजूर करायचं किंवा बदलायचं. महिन्याने सगळ्यांनी एसयूएसचा, म्हणजे टूल वापरायला किती सोपं वाटलं हे विचारणारा, फॉर्म भरला. १०० पैकी सरासरी ८१ आली, सगळे खूश झाले.

परवा नाइट संपल्यावर जुनी कार्डं उघडली. 'नो एच/ओ डीएम, एचटीएन, टीबी, अस्थमा.' म्हणजे मधुमेह, रक्तदाब, टीबी, दमा यांपैकी काहीच पूर्वी नव्हतं. टूलने डीएमला 'नाही' लावलं होतं आणि टीबीला 'आहे'. मंजूर करणारी मीच. तेव्हापासून मनातून जात नाही. कार्डात स्वच्छ लिहिलेलं असताना मी वाचलं कसं नाही? आणि अशा टूलला ८१ गुण कसे?

फॉर्मतपासणारा: ८१ म्हणजे ८१ टक्के नव्हे. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेल्या या दहा प्रश्नांत साधारण सरासरी ६८ धरतात. पण वापरताना कसं वाटलं, एवढंच त्यातून कळतं. चूक पकडली का, हे त्यात विचारलेलंच नाही. काही कार्डांत मुद्दाम चुकीची लेबलं पेरा आणि किती सुटतात ते मोजा. सहकाऱ्यांना आधी कल्पना द्या, फक्त कुठली कार्डं ते सांगू नका.

डेटावाली_ताई: शिवाय निम्मी कार्डं टूलशिवाय करा. तिघांनी आधी टूलसह, तिघांनी आधी कोरी, मग अदलाबदल. आणि दोघांचा कॅप्पा, म्हणजे लेबलांवरच्या एकमताचा आकडा, चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दोघांनी टूलचंच लेबल डोळे झाकून मंजूर केलं, तरी एकमत दिसणारच! बरोबर उत्तरं ठरवणाऱ्या डॉक्टरांना टूलची लेबलं दाखवूच नका. एक विचारते, चूक दुरुस्त करायला किती क्लिक लागतात?

मेडिसिनची_रेसिडेंट: ताई, आत्ता मोजलं. मंजुरीला एक कळ. 'आहे'चं 'नाही' करायला शब्द निवडा, मेनू उघडा, खाली जा, बदला, सेव्ह करा. पाच पायऱ्या! पहाटे चार वाजता हात कुठे जाईल, हे उघड आहे. 'नाही'लाही एकच कळ द्या, असं टूल बनवणाऱ्यांना आजच लिहिते. सोमवारपासून कोरी कार्डं सुरू करतोय. टीबीचं ते कार्ड दुरुस्त केलंय, आता त्या महिन्यातली बाकीची पुन्हा वाचायला घेतली आहेत.