शाळेच्या भिंतीवर फुटक्या टाइल्सचं चित्र, टिकन का?

झेडपी_मास्तर: यवतमाळकडची आमची शाळा. पोरं मागंच लागली की सर फुटक्या टाइल्सचं मोठं चित्र करू, बैलजोडी, कापसाचं बोंड आन मधात पळस. दुकानातून दोन पोती तुकडे फुकट भेटले. पण भिंतीवर चुन्याचे चार थर हायेत, तोंड पश्चिमेले, मे मधी ४५ डिग्री. पडन तर नाही?

मिस्त्रीभाऊ: चुन्यावर काहीच धरत नाही भाऊ. अगोदर खरवडा, गिलाव्याले टाचे मारा, धूळ धुवा, मंग टाइलचं अडेसिव्ह लावा, नुसता सिमेंटचा घोळ नको. सांध्यात २-३ मिमी जागा सोडा, ग्राउट, म्हंजे सांध्यात भराचा मसाला, दुसऱ्या दिवशी. आन मे मधी करता काहून? तापल्या भिंतीवर मसाला पकडायच्या आधीच सुकते, दिवाळीनंतर करा.

पाचवीच्या_बाई: आम्ही पोरांना शिडीवर चढवलंच नाही, फायबरच्या जाळीवर फूट बाय फूटचे चौकोन वर्गातच केले, खाली प्लास्टिक टाकून, आणि मग मिस्त्रीनं भिंतीला लावले. पाचवीनं केलेलं शिंग सातवीच्या बैलाला काही जुळलं नाही, दोन इंच खाली गेलं, तसंच ठेवलं, गावातले लोक आधी तेच पाहतात 😄 टाइल गोणपाटात गुंडाळून मोठ्यांनीच फोडायची, चष्मा घालून. काचेसारखी कापते हो.

रिकामा_टेकडा: फुटक्या बांगड्याही घ्या ना. चंदीगडचं रॉक गार्डन, १९७६ ले उघडलं, नेक चंद यांनी अशाच भंगारातून उभं केलं.

झेडपी_मास्तर: बांगड्या पोरी उद्याच आणतात म्हणे. काम दिवाळीनंतर, पण चुना आत्ताच खरवडतो.